रविवारचा फोन

११ ऑक्टोबर

आई,

नमस्कार लिहिला आहे असं समज.

तुझं पत्र मिळालं. सहा पानं. त्यातली चार तुझ्या खोलीबद्दल, खिडकीबद्दल आणि तुझ्या मजल्यावरच्या मुलींबद्दल. त्या माझ्याहून लहान आहेत आणि तुला नावाने हाक मारतात. तुला त्याची गंमत वाटते. मला वाटत नाही.

शेवटच्या पानावर तू विचारलं आहेस की मी फोन का घेत नाही. फोनवर तुझा आवाज ऐकला की माझा राग विरघळतो, आणि मला तो विरघळायला नको आहे. बाबा दर रविवारी तुझ्याशी बोलतात, तेवढं घराला पुरे. पत्र लिहायचं तर लिही, पण ऑफिसच्या पत्त्यावर. घरी पत्र आलं की बाबा समोर बसून 'काय म्हणते, काय म्हणते' करत राहतात. आणि पाकिटावर 'ठमी' लिहू नकोस. मी पाणीपुरवठा खात्यात आरेखक आहे. माझ्या टेबलावर अख्ख्या शहराच्या नळांचे नकाशे असतात. तिथे ठमी शोभत नाही.

आठ दिवस, आई. वर्षभर तू अर्ज करत होतीस, परीक्षा दिलीस, शिष्यवृत्ती मिळवलीस, आणि मला कधी सांगितलंस? निघायच्या आठ दिवस आधी, कपडे वाळत घालता घालता. 'अगं, मी दोन वर्षं शिकायला बाहेर चालले आहे.' जशी काही कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला निघाली होतीस. हातातला चिमटा दोरीला लावलास आणि पुढचा टॉवेल उचललास.

सत्तेचाळिसाव्या वर्षी लोकांच्या आया गुडघ्याला तेल चोळतात. माझी आई दप्तर घेऊन परदेशातल्या विद्यापीठात गेली, असं मी ऑफिसात सांगितलं तेव्हा सगळे टाळ्या वाजवायच्या बेतात होते. त्यांचं काय जातं?

इथलं सांगते. बाबा सकाळी चष्म्याच्या दुकानात जातात, संध्याकाळी येतात. त्यांना गॅस पेटवता येतो, बंद करायचं लक्षात राहत नाही. म्हणून स्वयंपाक मी करते, ऑफिसला जायच्या आधी आणि आल्यावर. शनिवारी आत्या येते, 'बिचारी पोर' म्हणते, जेवते आणि जाते. बिचारी ऐकून माझे कान किटले आहेत.

बाबा तुझ्याबद्दल एक वावगा शब्द बोलत नाहीत. नुसते गप्प बसून असतात. निघण्याआधी तू एकदा त्या गप्प बसण्याकडे नीट बघायला हवं होतंस.

तुझी मुलगी


२ नोव्हेंबर

ठमे,

पाकिटावर तुझं सरकारी नाव घातलं आहे. आत काय म्हणायचं ते मी ठरवणार.

तुझं पत्र वाचून आधी रडू आलं, मग चिडले, आणि अजून चिडलेलीच आहे. तेव्हा तूही ऐक.

बाबांना गॅस बंद करता येत नाही? चष्म्याच्या दांडीतला तिळाएवढा स्क्रू जो माणूस एका दमात बसवतो, त्याला गॅसचं बटण फिरवता येत नाही? तू करतेस म्हणून येत नाही. पंचवीस वर्षं मी करत होते म्हणून येत नव्हतं. उद्यापासून करू नकोस आणि बघ.

मी का गेले ते तुला माहीत आहे असं मी धरून चालले होते. दिसत नाही. एकोणीस वर्षं मी इस्पितळाच्या त्या तळमजल्यावर माणसांसाठी कृत्रिम पाय केले, हात केले. प्लास्टरने माझी बोटं कायमची फाटलेली असायची, तू लहानपणी त्यांना घाबरायचीस. मग तो पदवीवाला आला आणि विभागप्रमुख झाला. त्याला साचा ओला असताना कसा धरतात ते मी दाखवलं. मुलगा वाईट नव्हता, हे आणखी वाईट. मला मॅडम म्हणायचा आणि मी केलेल्या पायाच्या कागदावर स्वतःची सही करायचा. कारण माझी सही चालत नव्हती. त्या सहीसाठी मी आले आहे. मजेला नाही.

आणि इथेही काही आरती ओवाळत नाहीत. गेल्या आठवड्यात गुडघ्याखाली पाय नसलेल्या माणसाचा साचा घ्यायचा होता. एक निवृत्त ड्रायव्हर मुद्दाम विद्यार्थ्यांसाठी आले होते. पोरं कागदात बघून प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळत होती. मी गुडघ्याच्या वाटीखाली अंगठा दाबून धरला, कारण सगळा भार तिथेच येतो. शिकवणाऱ्या बाई येऊन म्हणाल्या, 'तुम्ही क्रम पाळलेला नाही,' आणि शून्य गुण दिले. शून्य, ठमे. ड्रायव्हर म्हणाले, 'मला विचाराल तर या बाईंचाच साचा मला बसेल.' त्यांना कोण विचारतं? मी संडासात जाऊन भिंतीवर हात आपटला. अजून दुखतो.

राहिले ते आठ दिवस. तू 'जाऊ नकोस' म्हणाली असतीस तर मी थांबले असते आणि जन्मभर तुला ऐकवत बसले असते. म्हणून उशिरा सांगितलं. बरोबर नव्हतं. पण माफी मागणार नाही, कारण दुसरं काय करायला हवं होतं ते मला आजही सुचत नाही.

डिसेंबरात तीन आठवडे सुट्टी आहे. मी येते आहे. समोरासमोर भांडू.

आई


१० जानेवारी

आई,

तू आली नाहीस.

मी चार दिवसांची रजा टाकली होती. तुझ्याशी भांडायला. विसरायला नको म्हणून मुद्देही काढले होते. ती रजा मी घरात कपाटं आवरण्यात घालवली.

बाबांनी फोन ठेवला आणि म्हणाले, 'नाही येत ती. अभ्यास महत्त्वाचा आहे म्हणाली. आपण समजून घ्यायला हवं.' आणि ताट वाढून घेतलं. मला नाही समजून घ्यायचं. मी बावीस वर्षं सगळ्यांना समजून घेते आहे. 'आई दमून आली आहे, समजून घे.' 'बाबांचं दुकान चालत नाहीये, समजून घे.' मलाही कोणी घेतलं असतं तर बरं झालं असतं.

तू स्वतः लिहून कळवलं होतंस, मी येते आहे. मग न येण्याचं कारण बाबांच्या तोंडून का? दोन ओळी लिहायला हात दुखत होता का?

यापुढे पत्र पाठवू नकोस. आलं तर उघडणार नाही.


२९ जानेवारी

ठमे,

उघडणार नाहीस हे माहीत आहे. म्हणून पाकिटावरच मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे, 'मी तिकीट काढलं होतं.' तुझ्या ऑफिसातल्या सगळ्यांनी वाचलं असेल. वाचू दे.

निघायला दहा दिवस होते तेव्हा रविवारी तुझ्या बाबांचा फोन आला. ते म्हणाले, 'येऊ नकोस आत्ता. ती म्हणते, आई आली तर मी मैत्रिणीकडे राहायला जाईन. पोर अजून शांत झालेली नाही. मी समजावतो तिला, तू उन्हाळ्यात ये.' मी विचारलं, 'मी तिला लिहू का?' तर म्हणाले, 'लिहिलंस की आणखी भडकेल. माझ्यावर सोड.'

मी सोडलं. तिकीट रद्द केलं. इथली सगळी मुलं घरी गेली. चार मजल्यांच्या इमारतीत मी आणि खालचा पहारेकरी, दोघंच. तीन आठवडे तुझ्यावर चिडून काढले. बावीस वर्षांची घोडी, आईने घरात पाऊल ठेवलं तर घर सोडून जाते म्हणते, असं मनात घोकत मी दिवसातून दोनदा जिने चढउतार करत होते.

आता तुझं पत्र वाचल्यावर मला कळत नाहीये की चिडायचं कुणावर. तेव्हा मला एका शब्दात उत्तर दे. तू तसं म्हणाली होतीस का?

दुसरं म्हणजे, तुझ्या खात्याच्या डोंगरातल्या पाणीयोजनेच्या कामासाठी तू नाव दिलं होतंस आणि तुझी निवड झाली नाही, असं बाबांकडून कळलं. त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. पुढच्या खेपेला पुन्हा नाव दे. तुझा हात स्वच्छ आहे, तुझ्या रेघा मी पाहिल्या आहेत.

आई


१६ फेब्रुवारी

आई,

नाही.

एका शब्दात मागितलंस, दिलं. आता बाकीचं.

माझी निवड झाली होती. सहा जणांच्या यादीत माझं नाव पहिलं होतं. आमच्या मुख्य आरेखक बाईंनी स्वतः येऊन कागद माझ्या हातात दिला. अकरा गावांना पाणी न्यायचं आहे, एक वर्ष तिथे राहून, पायी हिंडून नळाची रेघ आखायची. मी तो कागद पिशवीत न ठेवता हातात धरूनच घरी आले.

बाबांनी वाचला, नीट घडी घातली आणि म्हणाले, 'छान. जा तू. माझं काय, मी करेन काहीतरी.' मग भाताचा कुकर लावायला उठले. पंधरा मिनिटांनी घरभर गॅसचा वास. मी धावत जाऊन बंद केला. ते दारात उभे राहून म्हणाले, 'एकेक जण जायचंच.' दुसऱ्या दिवशी मी बाईंना नकार लिहून दिला. माझ्या जागी शेजारच्या टेबलावरचा तो गेला, ज्याला चढ आणि उतार यातला फरक नकाशावर कळत नाही.

त्यांनी मला एकदाही 'जाऊ नकोस' म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मी भांडले असते आणि गेले असते.

तुझं पत्र वाचल्यावर मी ऑफिसातून तडक दुकानात गेले. एक गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत बाकावर बसून राहिले. बाबा एका फ्रेमला काच बसवत होते. मी दोन्ही गोष्टी विचारल्या. वाटलं होतं नाकबूल करतील. त्यांनी काच बसवून पूर्ण केली, फडक्याने पुसली, उजेडात धरून बघितली.

'तू चिडलेली होतीस,' म्हणाले. 'मी फक्त ते तिला जरा वाढवून सांगितलं.'

'मी कुठे म्हणाले होते मैत्रिणीकडे जाते?'

'म्हणाली नव्हतीस. वाटत होतं तुला.'

'मला काय वाटतं ते तुम्ही सांगणार? आणि तिकीट काढलेलं असताना अभ्यासाचं कारण सांगितलंत ते? माझी निवड झाली नाही म्हणून सांगितलंत ते?'

'निवड झाली हे कळलं असतं तर तिने तुला जायला लावलं असतं.'

'मग?'

त्यांनी फ्रेम डबीत ठेवून झाकण लावलं. मला वाटलं आता नेहमीसारखे गप्पच राहणार. मग म्हणाले, 'तू तिच्यावर रागावलेली होतीस तोवर तू माझ्या बाजूला होतीस. घरात निदान एक जण माझ्या बाजूला होतं.'

आई, मी आयुष्यात पहिल्यांदा बाबांवर ओरडले. रस्त्यावरचे लोक थांबून बघत होते. मी म्हटलं, तुम्ही मला तुमच्या बाजूला नाही ठेवलंत, तुम्ही मला तुमच्या स्वयंपाकघरात ठेवलंत. मी म्हटलं, पाच महिने मी माझ्या आईचा तिरस्कार केला, ते पाच महिने तुम्ही कुठून भरून देणार? त्यांनी मान खाली घातली आणि काउंटरवरचे स्क्रू डबीत भरायला लागले, एकेक करून. मला त्यांची दयाही आली. त्या दयेचाच मला सगळ्यात जास्त राग आला.

तू एवढ्यात फोन करू नकोस. मी घेईन आणि रडेन, आणि मला अजून रडायचं नाही.


५ मार्च

ठमे,

तुला फोन केला नाही. त्यांना केला. रविवार नव्हता, मंगळवार होता, आणि दुकान उघडायच्या वेळेला केला.

ते म्हणाले, 'मी घर धरून ठेवायचा प्रयत्न केला.' मी म्हटलं, घर नाही, तुम्ही पोरीचं मनगट धरून ठेवलं होतं. पंचवीस वर्षांत मी त्यांच्याशी जेवढं बोलले नव्हते तेवढं त्या एका फोनवर बोलले. ते आवाज चढवत नाहीत म्हणून मी लोकांना सांगायची, माझा नवरा देवमाणूस. अगं, आवाज चढवायची गरजच पडली नाही त्यांना. आपण दोघी होतो ना, घरात पाऊल जपून टाकणाऱ्या. कोर्स संपला की त्या घरात परत जायचं की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही, हेही सांगून टाकलं. ते घाबरले असतील. घाबरू देत.

आता तुझ्यापाशी येते. मागे मी लिहिलं होतं की आठ दिवसांबद्दल माफी मागणार नाही. आज मागते. मीसुद्धा तेच केलं. तुला काय वाटेल ते मीच ठरवलं आणि तुला न विचारता माझ्या सोयीचं करून मोकळी झाले. त्यांनी पाच महिने केलं, मी वर्षभर. तू 'जाऊ नकोस' म्हणाली असतीस की 'जा' म्हणाली असतीस, ते मला कधीच कळणार नाही, कारण मी तुला संधीच दिली नाही. चुकलं माझं.

इथे आणखी एक झालं, ते कुणाला तरी सांगायलाच हवं. पाय जोडून झाला की मी माणसाला सरळ उभं करून मापायची. इथे चालवून बघतात, बाजूने आणि मागून, वीस-वीस वेळा. मी जोडलेला पाय त्या ड्रायव्हरना लावून चालवलं, तर दर पावलाला गुडघा बाहेर फेकला जात होता. उभं असताना अगदी सरळ. आमच्याकडे शाळेतल्या एक शिपाईबाई दर वर्षी यायच्या, कंबर दुखते म्हणून. मी दर वर्षी म्हणायची, 'सवय होईल.' सवय नव्हती होणार, ठमे. माझी चूक होती. अशा किती जणांना मी तसेच पाय देऊन पाठवलं असेल, त्याचा विचार आला की मला इथून उठून पळत सुटावंसं वाटतं. पदवीवाल्याला तरी हे माहीत असेल का? त्याला माहीत असून तो माझ्या कामावर सही करत असेल, तर त्याचाही मला राग येतो. त्या शिपाईबाईंना मी पत्र लिहिलं आहे. परत आले की पहिला पाय त्यांचा.

तू तुझ्या मुख्य आरेखक बाईंकडे जा आणि डोंगरातल्या कामावरची जागा माग. अजून सहा महिन्यांनी नाही, आत्ता. त्यांनी नाही म्हटलं तर पुन्हा जा.

आई


६ सप्टेंबर

आई,

परवा तुला जाऊन वर्ष झालं. मला तारीख लक्षात होती, पण इथे त्या दिवशी पंप बसवत होते, म्हणून आज लिहिते.

एप्रिलात शेजारच्या टेबलावरचा तो परत आला. चढावर नळाची रेघ अशी आखली होती की पाणी वर चढायचं सोडून खालच्या गावाच्या शाळेत शिरलं असतं. बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, 'आता नकार लिहून आणलास तर कागद तुझ्यासमोर फाडेन.' मी म्हटलं, कागद आणलेला नाही.

बाबांना मी जेवताना सांगितलं. ते म्हणाले, 'माझं काय, मी करेन काहीतरी.' मी म्हटलं, 'करा.' एवढंच. वाढलेलं संपवलं, ताट धुतलं आणि बॅग भरायला गेले.

इथे माझी खोली म्हणजे पंपघराच्या मागची पत्र्याची शेड. एक खाट, एक लांब टेबल आणि टेबलावर कागद उडू नयेत म्हणून चार दगड. दिवसभर खुंट्या ठोकत हिंडते, पायांना फोड येऊन फुटून कातडी जाड झाली आहे. अकरापैकी सात गावांची आखणी पुरी झाली. आठव्या गावातल्या एका आजोबांनी माझी खुंटी उपटून गोठ्याला लावली. मी जाऊन परत मागितली तर म्हणाले, 'पाणी आलं की देतो.' त्यांच्याशी रोज भांडते. आता ते मला बघितलं की आधीच हसतात.

तुला वाटत असेल माझा राग गेला. नाही गेला. वर्षभरात मी तुझ्यावर रागावले, मग बाबांवर, मग स्वतःवर, की मी इतकी कशी भोळी. तुझ्यावरचा थोडा अजून आहे. तुझी माफी पोचली, पण आठ दिवस हे आठच दिवस होते आणि तो टॉवेल तू खरंच उचलला होतास. मी ते विसरणार नाही. पण कुठे खुंटी चुकीची बसली की मी स्वतःशी म्हणते, चालवून बघायला हवं होतं, नुसतं उभं करून नाही. तुझंच वाक्य. मुकादमाला कळत नाही मी काय पुटपुटते.

डिसेंबरात ये. घरी नको, सरळ इथे. गाडी शेवटच्या थांब्यापर्यंत येते, तिथून अर्धा तास चालायचं आहे. पहिल्या दिवशी मी फारशी बोलणार नाही, तू घाबरून बडबड सुरू करू नकोस.

बाबांचं सांगायचं की नाही यावर दोन दिवस विचार केला. सांगते. ते घरी एकटेच आहेत. गॅस बंद करतात, आत्याने दोनदा तपासलं. गेल्या आठवड्यात त्यांनी इथल्या ऑफिसात फोन केला. मला डोंगरावरून बोलावून आणलं. इकडचं तिकडचं झालं, मग म्हणाले, 'आईला जरा विचारून बघ ना. परत येणार आहे का घरी. तू विचारलंस तर ती खरं सांगेल.'

आई, मी 'बरं' म्हणणार होते. तोंडात आलं होतं. मग म्हटलं, 'बाबा, ते तुम्ही तिला लिहून विचारा. मी निरोप नेणार नाही. तिचे तुम्हाला नाही, तुमचे तिला नाही.'

ते म्हणाले, 'मला पत्र लिहिता येत नाही गं. तीस वर्षं बिलं सोडून काही लिहिलं नाही.'

मी म्हटलं, 'तिचा पत्ता देते. कागद घ्या.'

मला वाटलं फोन ठेवतील. नाही ठेवला. दुकानाचा खण उघडल्याचा आवाज आला. मी तुझा पत्ता एकेक अक्षर सांगितला, त्यांनी लिहून घेतला आणि बरोबर आहे ना म्हणून परत वाचून दाखवला. विद्यापीठाच्या नावात अडखळले, ते मी दोनदा सांगितलं.

पत्र येईल की नाही मला माहीत नाही. आलं तर उत्तर द्यायचं की नाही ते तू बघ. त्यात काय लिहिलं आहे ते मला सांगू नकोस.

ठमी